घोडा, उतार आणि कॅप्टन काप्रिल्ली

घोडा डोंगर उतरतोय आणि तुम्ही त्याच्या पाठीवर आहात. सांगा, पुढे झुकायचं की मागे रेलायचं?

गेल्या आठवड्यात हापिसात जेवताना हा प्रश्न मी टेबलावर टाकला. सहाच्या सहा जणांनी डब्यातून मान वर न काढता 'मागे' असं उत्तर दिलं. आता या सहांपैकी पाच जणांचा घोड्याशी आलेला संबंध म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी मारलेली एक फेरी, आणि सहाव्याचा बुद्धिबळातल्या अडीच घरांपुरता. पण त्यांना हसायचं कारण नाही. युरोपातल्या भल्या भल्या घोडेस्वारांनी आणि सेनापतींनी सुमारे सव्वादोन हजार वर्षं हेच उत्तर दिलं होतं. मग १९०० च्या आसपास इटलीच्या घोडदळातल्या एका अधिकाऱ्याने 'पुढे' असं उत्तर दिलं आणि जवळजवळ उभ्या उतारावर घोडा घालून ते सिद्धही केलं. त्या माणसाबद्दल गेले दोन-तीन वीकेंड वाचतोय, म्हणून आजचा हा उद्योग.

सुरुवात झेनोफनपासून करावी लागते. अथेन्सचा हा गृहस्थ सॉक्रेटिसचा शिष्य, पण पोटापाण्याने सैनिक. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणच्या राजपुत्राच्या भाडोत्री फौजेत गेला, राजपुत्र लढाईत मेला आणि दहा हजार ग्रीकांबरोबर हा आर्मेनियाच्या डोंगरांतून लढत लढत समुद्रापर्यंत परत आला. डोंगर म्हणजे काय हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. पुढे त्याने घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्या विषयावरचं आज पूर्ण उपलब्ध असलेलं ते सर्वांत जुनं ग्रीक पुस्तक. त्यात तो चढ-उताराबद्दल अगदी कामाचं बोलतो. चढावर घोड्याची आयाळ धरा, म्हणजे तोल जाऊन तुम्ही लगामाला लोंबकळणार नाही आणि घोड्याला चढ आणि लगाम असा दुहेरी जाच होणार नाही. उतारावर मात्र अंग मागे टाका आणि लगामाने घोड्याला आधार द्या, नाहीतर दोघंही डोकं खाली करून गडगडत जाल.

हे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. झेनोफनकडे रिकीब नव्हती. लाकडी सांगाड्याचं खोगीरही नव्हतं. पाठीवर फार तर एक जाड कापड, आणि पाय दोन्ही बाजूंना लोंबते. अशा अवस्थेत उतारावर पुढे झुकलं तर माणूस घोड्याच्या कानांवरून थेट जमिनीवर. तेव्हा त्याचा सल्ला त्याच्या हत्यारांच्या मानाने बरोबरच होता. शिवाय उतारावर घोडा पळवला तर त्याचे खांदे निकामी होतील, ही लोकांची भीती त्याने तिथेच उडवून लावली आहे. इराणी आणि थ्रेसमधले ओड्रिसी लोक उतारावर चक्क शर्यती लावतात आणि त्यांचे घोडे आपल्यापेक्षा कमी धडधाकट नाहीत, हा त्याचा पुरावा.

गंमत पुढे झाली. युरोपात मध्ययुगाच्या सुरुवातीला रिकीब आली, उंच पाठीचं खोगीर आलं, म्हणजे हार्डवेअर पूर्ण बदललं, पण उतारावरचा सल्ला तसाच राहिला! याचं कारण मला वाटतं असं, की घोडेस्वारीचं शास्त्र डोंगरावर वाढलंच नाही. १५५० मध्ये नेपल्सच्या ग्रिझोनेचं गाजलेलं पुस्तक आलं, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ला गेरिनिएरने त्या विद्येला कळस चढवला, पण हे सगळं काम सपाट, राखलेल्या रिंगणात. घोड्याला दोन पायांवर उभं करणं, जागच्या जागी नाचवणं, मान आखडून तोल मागच्या पायांवर आणणं. त्या कामासाठी ती मांड उत्तमच आहे, आणि व्हिएन्नाला ती विद्या आजही जिवंत आहे. पण टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये चालणारी गोष्ट प्रॉडक्शनमध्ये चालेलच असं नाही, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

प्रॉडक्शन म्हणजे इथे लढाई आणि शिकार. तिथे लोक लांब रिकिबीत पाय पुढे ताणून, अंग मागे टाकून उड्या मारायचे आणि उतार उतरायचे. इंग्लंडमधली शिकारीची जुनी चित्रं पाहिलीत तर कुंपणावरून उडी घेताना साहेब आरामखुर्चीत बसल्यासारखा मागे रेललेला दिसतो. त्यामागे एक समजूत होती, की आपण मागे झुकलो तर घोडा मागच्या पायांवर उतरेल आणि पुढचे नाजूक पाय वाचतील. पुढे कॅमेरा आला. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात पळणाऱ्या घोड्याचे ओळीने फोटो काढले आणि शतकानुशतकं चित्रकार काढत आलेला, पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला भरधाव घोडा असा कधी पळतच नाही हे दाखवून दिलं. उडीचंही तेच. घोडा उतरतो तो आधी पुढच्या पायांवर, एकामागून एक. स्वाराने कितीही मागे झोपून घेतलं तरी.

आता थोडं यंत्रशास्त्र. (मेकॅनिक्सच्या पेपरची आठवण काढून कुणी पळू नये.)

सपाटीवर नुसत्या उभ्या घोड्याचं साधारण ५५ ते ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, कारण लांब मान आणि जड डोकं पुढे आहे. घोड्याला माणसासारखं गळपट्टीचं हाड नसतं. त्याचं धड पुढच्या दोन पायांच्या मधे स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं, जणू शॉक ॲब्सॉर्बर. मागचे पाय मात्र कमरेच्या हाडांशी थेट जोडलेले, म्हणजे ते इंजिन. चढावर हे इंजिन मागून रेटतं, तेव्हा त्याच्यावर बसू नये, वजन पुढे घ्यावं. इथपर्यंत झेनोफनपासून सगळ्यांचं एकमत आहे. उतारावर पुढचे पाय ब्रेक लावतात आणि मागचे पाय पोटाखाली खोल येऊन टेकू देतात. मागचे पाय पोटाखाली यायचे तर घोड्याला कंबर वाकवावी लागते. आणि शेवटच्या बरगडीपासून पुठ्ठ्यापर्यंतचा हा कमरेचा भाग म्हणजे पाठीतला सर्वांत दुबळा भाग, कारण खाली बरगड्यांचा आधारच नाही. मागे रेललेला स्वार आपलं सगळं वजन नेमकं तिकडे सरकवतो. घोड्याला जे करायचंय तेच तो करू देत नाही.

दुसरी गोष्ट डोक्याची. घोडा मान वरखाली करून तोल सांभाळतो, डोंबारी दोरीवर हातातली काठी वापरतो तसा. शिवाय त्याच्या नाकाखालची जमीन त्याला धड दिसत नाही, ती बघायला त्याला डोकं खाली घालावं लागतं. आणि मागे रेललेला माणूस कशाला धरून रेलतो? लगामाला! म्हणजे तोंड वर ओढलेलं, कंबर दबलेली, आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. वर आपण म्हणणार, घोडा बावळट आहे, घसरला.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना यातलं अर्धं आधीच माहीत आहे. घसाऱ्यावरून उतरताना नवखा माणूस घाबरून मागे झुकतो, पाय पुढे सटकतात आणि पार्श्वभागावर सही होते. जुना भिडू गुडघे सैल ठेवून वजन पायांच्या बरोबर वर ठेवतो. मागे झुकण्याचा सल्ला आपल्याला कोण देतं? दरीची भीती देते.

आता आपला हीरो. फेदेरिको काप्रिल्ली, जन्म १८६८, लिव्होर्नो. इटलीच्या घोडदळात अधिकारी झाला, पिनेरोलोच्या घोडदळ शाळेत शिकला आणि पुढे तिथे आणि रोमजवळच्या तोर दी क्विंतोला शिकवू लागला. त्या काळात युरोपातल्या घोडदळांसमोर एक अवघड प्रश्न उभा होता. रायफली इतक्या लांब आणि झपाट्याने मारू लागल्या होत्या, की मैदानात रांगा लावून चाल करून जाणं म्हणजे आत्महत्या. मग घोडदळाचा उपयोग काय? तर जिथे रस्ते नाहीत तिथून जायचं, टेहळणी करायची, अनपेक्षित बाजूने उगवायचं. त्यासाठी घोड्याला ओढे, बांध, कडे, चढ-उतार सगळं पार करता यायला हवं. ज्या फौजेला आपल्या घोड्यांसकट डोंगर नीट उतरता येत नाही तिचं काय होतं, हे आपल्याला नवं नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाला शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत गाठलं. एवढी मोठी फौज, पण चिंचोळ्या खिंडीत पुढे जाता येईना आणि मागे वळता येईना. शेवटी खंडणी देऊन आणि सामान टाकून सुटका करून घ्यावी लागली.

काप्रिल्लीने काय केलं? त्याने घोडा पाठीवर माणूस नसताना कसा वागतो ते बघितलं. ऐकायला अगदी साधं वाटतं. पण त्या काळी घोड्याला तोल शिकवायचा असतो आणि तो माणूस शिकवतो, ही श्रद्धा होती. हा म्हणाला की घोड्याला तोल जन्मतःच येतो, आपण पाठीवर बसून तो बिघडवतो. मग बिघडवायचं कमी कसं करता येईल? रिकिबी आखूड करा. वजन बुडावरून काढून गुडघे, मांड्या आणि टाचांवर घ्या. धड पुढे, म्हणजे भार कमरेवरून सुटून खांद्यांच्या मागच्या मजबूत भागावर येतो. आणि हात? हात घोड्याच्या तोंडामागे जातील, तोंड हातामागे येणार नाही. हे सपाटीला, हेच उडीला, आणि हेच उतारालाही!

उताराचा भाग लोकांच्या घशाखाली उतरत नव्हता. म्हणून तोर दी क्विंतोची ती प्रसिद्ध घसरण. तिथे जवळजवळ उभ्या मातीच्या कड्यावरून विद्यार्थी अधिकाऱ्यांना घोडा खाली न्यावा लागे. तिचे फोटो जरूर शोधून बघा. घोडा मागच्या पायांवर बसल्यासारखा घसरत येतोय, पुढचे पाय समोर ताणलेले, आणि वरचा अधिकारी मानेवर पुढे झुकलेला, लगाम सैल. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं की हा माणूस पडतोय आणि फोटोग्राफरने बरोबर क्षण पकडलाय. तो पडत नव्हता.

सुरुवातीला वरिष्ठांनी नाकं मुरडली. साहजिक होतं, कारण ज्यांनी आयुष्यभर मागे रेलून पदकं मिळवली त्यांनाच आता एक तरुण अधिकारी चूक ठरवत होता. काप्रिल्लीने लिहिलंही फार थोडं, १९०१ च्या सुमारास घोडदळाच्या मासिकात काही लेख, बस्स. पण १९०२ मध्ये तूरिनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी मेलोपो नावाच्या घोड्यावर त्याने २ मीटर ८ सेंटिमीटर उंच उडी मारली आणि लोकांना बघावं लागलं. त्याच्या हयातीतच इटालियन घोडदळाने ही पद्धत स्वीकारली. योगायोग बघा, याच सुमारास टॉड स्लोन नावाचा अमेरिकन जॉकी इंग्लंडात आखूड रिकिबीत पुढे वाकून शर्यती जिंकत होता आणि इंग्रज त्याला काठीवरचं माकड म्हणत होते. दोन माणसं, दोन वेगळे धंदे, पण घोड्याच्या कमरेवरून उठायचं हे दोघांनाही सुचलं.

आणि आता अंगावर काटा आणणारा भाग. डिसेंबर १९०७ मध्ये तूरिनच्या रस्त्यावर, सपाट रस्त्यावर, घोडा साध्या चालीने चालत असताना काप्रिल्ली खाली पडला, डोक्याला मार बसला आणि गेला. वय ३९. कड्यांवरून उतरलेला माणूस. त्या काळी घोडेस्वाराच्या डोक्यावर टोपी असायची, हेल्मेट नाही.

त्याची पद्धत मात्र पसरली. परदेशी अधिकारी इटलीत शिकायला येऊ लागले. पॉल रोझिआन्को हा रशियन अधिकारी तिथून शिकून गेला आणि रशियन संघाने लंडनमध्ये किंग एडवर्ड कप १९१२, १३ आणि १४ असा लागोपाठ तीन वर्षं नेला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये उड्यांचं वैयक्तिक सुवर्ण इटलीच्या तोमासो लेक्वियोला मिळालं. अमेरिकेचा हॅरी चेंबरलिन तोर दी क्विंतोला शिकला आणि १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये रौप्य घेऊन गेला. तोवर ज्या युद्धासाठी हा सगळा खटाटोप केला ते युद्ध होऊनही गेलं होतं, आणि पश्चिम आघाडीवर मशीनगन आणि काटेरी तारांनी घोडदळाचा निकाल लावला होता. सैन्यासाठी लिहिलेला कोड सैन्य बंद पडल्यावर खेळात चालत राहिला, असं म्हणा हवं तर.

म्हणजे काप्रिल्ली बरोबर आणि बाकी सगळे चूक? इतकं सोपं असतं तर मी हा लेख अर्ध्या पानात संपवला असता.

ऑस्ट्रेलियाचे गुराखी आजही डोंगर उतरताना मागे झुकतात. 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर' या १९८२ च्या सिनेमात टॉम बर्लिन्सन भयानक उतारावरून घोडा खाली घालतो, तो शॉट बघा. जवळजवळ घोड्याच्या पुठ्ठ्यावर आडवा झालाय. आज इव्हेंटिंगच्या स्पर्धेत घोडा उंचावरून खाली पाण्यात उडी घेतो तेव्हा चांगले स्वारही खांदे मागे घेतात, कारण घोडा अडखळला तर पुढे झुकलेला माणूस सरळ त्याच्या पुढ्यात पडेल. पण तेव्हाच ते बोटं सैल करून लगाम सरसर सुटू देतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आजच्या बहुतेक शिक्षकांचं म्हणणं या दोन टोकांच्या मधलं आहे: धड ओळंब्यात ठेवा, खांदा-कंबर-टाच जमिनीच्या नव्हे तर गुरुत्वाकर्षणाच्या रेषेत. घोडा खाली कलल्यामुळे असा स्वार बाजूने थोडा मागे झुकल्यासारखा दिसतो. म्हणजे अर्धं भांडण कोन कशाच्या संदर्भात मोजायचा याचं आहे! पाठीचा वाद शंभर वर्षांनीही मिटलेला नाही. हाताचा मात्र मिटला. झेनोफन उतारावर लगामाने आधार द्या म्हणत होता, काप्रिल्ली म्हणाला सोडा, आणि आज मागे झुकणारेही सोडतातच. माझ्या मते काप्रिल्लीचा खरा शोध हा आहे. मांडीचं नाव झालं, काम हाताने केलं.

माथेरानला दस्तुरी नाक्याकडे परत येताना आमचे घोडेवाले काका म्हणाले होते, "साहेब, उतार हाय, जरा मागं व्हा आन् लगाम वढू नका, त्याला म्हाईत हाय." तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. आज लक्षात येतं, की आयुष्यात दुसऱ्यांदा घोड्यावर बसलेल्या माणसाला हाच सल्ला योग्य. आमच्यासारख्यांचे गुडघे आणि टाचा वजन पेलत नाहीत, पुढे झुकवलं तर पोतं मानेवर पडायचं. आणि वाक्याचा दुसरा अर्धा भाग तर शुद्ध काप्रिल्ली.

ज्यांना खरंच डोंगरात रपेट करायची आहे (पुण्या-मुंबईत आता बरेच जण शिकतायत), त्यांच्यासाठी शिक्षक मंडळी आणि जुनी घोडदळाची पुस्तकं ज्यावर एकमताने भर देतात ते थोडक्यात. निघण्याआधी आणि पहिल्या चढानंतर तंग तपासा, कारण चालून घोड्याचं पोट आत जातं आणि तंग सैल होतो. चढावर खोगीर मागे सरकतं, त्याला छातीवरून पेशबंद. उतारावर पुढे सरकतं, त्याला शेपटीखालून दुमची. हे दोन्ही शब्द आपल्या जुन्या मराठीत तयार आहेत, घाटमाथ्यावरच्या लोकांना त्यांची गरज होती. चढावर घोड्याला धावत सुटायची खुमखुमी येते, त्याला शांत चालीत ठेवा आणि आयाळ धरायला लाजू नका. तीव्र उतार तिरका कापू नका. तिरक्या घोड्याचा पाय सटकला तर तो कुशीवर पडतो, आणि त्या कुशीखाली तुमचा पाय असतो. सरळ खाली नेलेला घोडा घसरलाच तर मागच्या पायांवर बसतो आणि सावरतो. लांबलचक, सौम्य उतारावर वळणं घेत उतरायला हरकत नाही. पुढच्या घोड्यापासून अंतर ठेवा, आणि तळाशी पोचलात की शेवटचा घोडा खाली येईपर्यंत थांबा. बाकीचे पुढे पळताना दिसले की मधल्या घोड्याचं लक्ष पायाखाली राहत नाही.

आणि ओला कातळ किंवा शेवाळ दिसलं तर सरळ खाली उतरा, रिकिबी वर अडकवून टाका आणि लगाम हातात घेऊन चाला. घोड्याच्या पुढ्यात नाही, बाजूने, त्याच्या खांद्यापाशी.